सीईटीनंतरचे तीन महिने

पट्टा आणि कप्पीचं एक साधं गणित पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये असतं. पट्टा कप्पीला अर्धा वेढा घालून जातो, घर्षणाचा गुणांक ०.३ आहे, सैल बाजूचा ताण १०० न्यूटन. घट्ट बाजूचा ताण काढा. सूत्र मुलांना पाठ असतं: दोन ताणांचं गुणोत्तर म्हणजे 'ई'चा म्यू-थीटा घात. अर्धा वेढा म्हणजे १८० अंश, म्हणून थीटाच्या जागी १८० घातले, कॅल्क्युलेटरचं बटण दाबलं, उत्तर आलं २.८३ गुणिले १० चा २५ वा घात. मुलाने ते वहीत उतरवलं, पुढे 'न्यूटन' लिहिलं, चौकट केली आणि पुढचं गणित घेतलं. चंद्राएवढ्या वस्तुमानाचे जवळपास चाळीस गोळे पृथ्वीवर तोलून धरायला लागेल एवढं बल त्या बिचाऱ्या पट्ट्यात आहे, हे त्याला खटकलं नाही. थीटा रेडियनमध्ये घ्यायचा असतो. १८० ऐवजी ३.१४ घातले की उत्तर येतं २५७ न्यूटन.

अशा वह्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. ही चूक करणारी मुलं ढ नसतात. सीईटीला बऱ्यापैकी पर्सेंटाइल मिळवून आलेली असतात. रेडियन हा अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिला धडा आहे, तोही त्यांचा 'झालेला' असतो. तरी दर जूनमध्ये पालक आणि मुलं विचारतात ते वेगळंच: "सर, एम-वनचं पुस्तक आत्ताच घेऊन ठेवू का? सुट्टीत दोन-तीन युनिट तरी होतील." घेऊ नका, असं मी सांगतो. हे उत्तर कुणाला आवडत नाही, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

आधी एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित, मागतं काय ते पाहू. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात रोलचा सिद्धांत आणि टेलरची श्रेणी, फूरिए सिरीज, पार्शल डिफरन्सिएशन, आणि मग मॅट्रिक्सपासून आयगेन व्हॅल्यूपर्यंत लिनिअर अल्जेब्रा होता. मुंबईकडे कॉम्प्लेक्स नंबर आणि हायपरबॉलिक फंक्शन यांना जास्त मान. दर चार-पाच वर्षांनी आराखडा बदलतो आणि युनिटं इकडची तिकडे होतात, पण ऐवज फारसा हलत नाही. नावं ऐकून धडकी भरते. नापास झालेला पेपर उलगडून बसलं मात्र, की गाडी अडकते ती निराळ्याच ठिकाणी. आयगेन व्हॅल्यू काढताना शेवटी एक त्रिघाती समीकरण उरतं, त्याचे अवयव पाडता येत नाहीत. पार्शल डिफरन्सिएशनची कल्पना कळलेली असते, पण चेन रूल लावताना आतल्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह विसरलं जातं. आणि फूरिएत तर शंभर ठिकाणी अडकायला जागा.

फूरिएचंच एक उदाहरण घेऊ. फंक्शन साधं, एफ ऑफ एक्स बरोबर एक्स, उणे पाय ते पाय. ज्याने आधी आलेख काढला, त्याला दिसतं की ही आरंभबिंदूतून जाणारी सरळ तिरपी रेघ आहे, म्हणजे फंक्शन ऑड. कोसाइनचे सगळे सहगुणक शून्य, अर्धं काम तिथेच संपलं. उरलेल्या साइनच्या सहगुणकांसाठी एकदा इंटिग्रेशन बाय पार्ट्स, आणि कॉस एन-पाय म्हणजे उणे एकचा एनवा घात हे माहीत हवं. संपलं गणित. ज्याला आलेख काढायची सवय नाही, तो कोसाइनची सगळी इंटिग्रल्स दीड पान करत बसतो, मध्ये कुठेतरी एक उणे चिन्ह गळतं आणि शून्य यायचं तिथे काहीतरी भलतंच येतं. यातलं फूरिएचं असं किती? फंक्शनची ओळख, आलेख, बाय पार्ट्स, त्रिकोणमितीची मूल्यं: सगळा अकरावी-बारावीचा माल. एम-वनमध्ये मुलं नापास होतात ती बहुतेक वेळा एम-वनमुळे नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

मग दोन वर्षांत हा माल हाताला का बसत नाही? एकट्या कुणावर खापर फोडता येणार नाही. अकरावीच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, पहिली चाचणी तोंडावर आलेली असते तेव्हा वर्ग भरू लागतो, आणि कोनमापन, त्रिकोणमिती हे सुरुवातीचे धडे उरकले जातात. त्यातून अकरावीचे गुण पुढे कुणी विचारत नाही. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बारावीचा ८०. क्लासवाले हा हिशोब पक्का ओळखून असतात. कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये मुक्काम या व्यवस्थेत अकरावी म्हणजे बारावीची रंगीत तालीम होऊन बसली आहे. आणखी एक गंमत पाहा. आपल्या राज्याच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात सदिश आणि कॅल्क्युलसची तोंडओळख येते, कारण त्याशिवाय गतीचा धडा शिकवता येत नाही. गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन येतं दुसऱ्या भागाच्या शेवटी, म्हणजे फेब्रुवारी उजाडतो. मधले सात-आठ महिने मूल भौतिकशास्त्रात डेरिव्हेटिव्ह वापरतं ते मंत्रासारखं. हा मंत्र पुढे पाठच राहतो.

दुसरं कारण सीईटीच्या घडणीत आहे. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट ४८ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. लॉग एक्सचं इंटिग्रेशन विचारलं आणि खाली चार पर्याय दिले, तर शहाणं मूल इंटिग्रेशन करतच नाही. ते पर्यायांचं डिफरन्सिएशन करून पाहतं: एक्स लॉग एक्स उणे एक्स, याचं डेरिव्हेटिव्ह लॉग एक्स, झालं, त्या पर्यायावर क्लिक करा. वीस सेकंद. कधी एक्स बरोबर एक घालून दोन पर्याय उडवायचे, कधी मितीवरून. यात लबाडी काहीच नाही, त्या परीक्षेत तेच करायला हवं. पण दोन वर्षं उत्तराकडून प्रश्नाकडे चालत आलेल्या पायांना एम-वनमध्ये अचानक प्रश्नाकडून उत्तराकडे जायचं असतं, आणि तिथे पर्याय नसतात. बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी पेपरने ही सवय राखायला हवी होती. पण प्रवेश पर्सेंटाइलवर मिळतो म्हटल्यावर तो पेपर 'पासापुरता' झाला.

ही तक्रार आपलीच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये १९९५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने दोन सहकारी संस्थांबरोबर एक अहवाल काढला. विद्यापीठात येणाऱ्या मुलांबद्दल त्यात तीन गाऱ्हाणी होती: बीजगणितात आणि आकडेमोडीत हात चालत नाही, दोन-तीन पायऱ्यांचं उदाहरण आलं की अवसान गळतं, आणि गणितात नेमकेपणा व सिद्धता यांना जागा आहे हेच मुलांना पटत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये आज कुणी बोललं तर हेच तीन मुद्दे निघतील, याच क्रमाने. २००० साली तिथल्या इंजिनिअरिंग कौन्सिलच्या अहवालाने पुढचा उपाय सांगितला: मूल दारात आलं की पहिल्याच आठवड्यात निदान चाचणी घ्या आणि निघालेल्या उणिवांवर लगेच मदत द्या. पुढे तिथल्या कितीतरी विद्यापीठांत गणिताची मदत केंद्रं उभी राहिली, मुलाने केव्हाही जावं, वही उघडावी, अडलेलं विचारावं. जर्मनीत ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होतं, त्याआधी सप्टेंबरात कित्येक विद्यापीठं 'फोरकुर्स' घेतात, काही आठवड्यांची शाळेच्या गणिताची उजळणी. त्यात कमीपणा कुणी मानत नाही.

आपल्याकडे एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, २०२१ च्या मार्चमध्ये भलतंच काहीतरी केलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी चौदा विषयांची यादी दिली आणि त्यातले कोणतेही तीन चालतील असं म्हटलं, म्हणजे बारावीला गणित नसलं तरी दार उघडं. गणिताची उणीव विद्यापीठांनी ब्रिज कोर्स घेऊन भरून काढावी. ओरड झाली, खुलासे आले, आणि पुढे ती सूट मोजक्या शाखांपुरती उरली. पण त्या गदारोळात कामाचा प्रश्न बाजूला पडला तो पडलाच: बारावीला गणित असलेल्यांचा ब्रिज कोर्स कुठे आहे? पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम एआयसीटीईनेच लावून दिला आहे. त्यात प्रावीण्य वाढवण्याचे तास असावेत अशी योजना आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी योगासनं, पाहुण्यांची भाषणं, सत्कार, शाल-श्रीफळ आणि कॅम्पसची सहल. माझ्या मते त्या तीन आठवड्यांतले रोजचे दोन तास निदान चाचणी आणि उजळणीला दिले तर एम-वनमध्ये नापास होणारे निम्मे होतील. हे माझं मत आहे, आकडा नाही. पण पैज लावायला तयार आहे.

कॉलेजं करतील तेव्हा करतील. मुलांच्या हातात सीईटी संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत तीन महिने तरी असतात. त्यात काय करावं?

सगळ्यात आधी, बारावीच्या पुस्तकांतली संकीर्ण सरावाची उदाहरणं, ज्यांना पुस्तकात 'मिसलेनियस एक्झरसाइज' म्हणतात, ती पर्यायांशिवाय, पूर्ण पायऱ्या लिहून सोडवावीत. सगळी नकोत. डिफरन्सिएशन, दोन्ही इंटिग्रेशनं, डिफरन्शियल इक्वेशन, सदिश आणि मॅट्रिक्स, एवढे धडे पुरे. संभाव्यता आवडत असेल तर करा, कॉम्प्युटरला जाणाऱ्यांना पुढे लागेल. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स खुशाल सोडा. अकरावीतून कोनमापन, त्रिकोणमितीची दोन प्रकरणं, कॉम्प्लेक्स नंबर, फंक्शन्स आणि लिमिट उचला. रोज तासभर, पण तो खरा तास हवा: टेबल, कोरा कागद, पेन, मोबाइल दुसऱ्या खोलीत. व्हिडिओ पाहत मान डोलावणं म्हणजे उजळणी नव्हे. आकाशवाणीवर गाणं ऐकून कुणी गवई झालेला नाही.

दुसरं, आलेख. एक्स वर्ग, एक्स घन, एक भागिले एक्स, वर्गमूळ, मोड एक्स, साइन, कोसाइन, टॅन, 'ई'चा एक्स घात, लॉग एक्स. हे दहा आलेख झोपेतून उठवून विचारले तरी काढता आले पाहिजेत, आणि नंतर एक्सच्या जागी एक्स उणे दोन घातलं तर आलेख कुठल्या बाजूला सरकतो तेही. डेस्मॉस किंवा जिओजेब्रा फुकट आहेत, पण आधी हाताने काढा, मग पडद्यावर ताडून पाहा. उलट क्रमाने केलं तर उपयोग शून्य.

तिसरी गोष्ट फार लहान वाटेल: उत्तराकडे पाहून भुवई उंचावता येणं. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीला पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ असायची. दुकानदाराने चुकीचा हिशोब सांगितला तर त्यांना कागदाशिवाय कळायचं की काहीतरी बिनसलंय. ती पाठांतरं परत आणा असं माझं म्हणणं नाही. पण सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो आणि इंजिनिअरिंगला पहिल्या दिवशी तो हातात येतो, तेव्हा मुलं त्याच्यावर अशी विसंबतात की पट्ट्याला चाळीस चंद्र टांगले तरी चालतं. गणित सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज समासात लिहायचा, एवढी एक सवय महिनाभर पाळून बघा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. दहावीला ही मुलं वर्गसमीकरण, सहगुणक, निश्चयक असं शिकलेली असतात. सेमी-इंग्लिशवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. विज्ञान शाखेची अकरावी इंग्रजीत. गणिताची चिन्हं तीच, म्हणून भाषेची अडचण नाही असं सगळे गृहीत धरतात. अडचण चिन्हांत नसतेच, ती चिन्हांच्या मधल्या शब्दांत असते: 'लेट', 'सच दॅट', 'विथ रिस्पेक्ट टू', 'इफ अँड ओन्ली इफ'. 'सच दॅट'च्या पुढे अट असते हे ज्याला कळलं नाही तो अट वाचतच नाही आणि प्रश्न चुकीचा आहे म्हणतो. असे वीस-पंचवीस तुकडे आहेत फक्त. एका पानावर लिहून समोर मराठी अर्थ मांडावा, आणि प्रत्येकाचं एक उदाहरण. मराठी शब्द विसरूही नयेत. 'सहगुणक' म्हटलं की सोबत गुणला जाणारा हे नावातच कळतं, 'कोएफिशंट' तेवढं सांगत नाही. २०२१ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकायची सोय झाली आहे, एआयसीटीईची पाठ्यपुस्तकंही मराठीत आली आहेत. ज्यांना इंग्रजी पुस्तक जड जातं त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, यात लाजण्यासारखं काही नाही.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची कोंडी सगळ्यात वाईट. त्यांचे प्रवेश उशिरा होतात, वर्ग आधीच सुरू झालेले असतात, आणि समोर एम-थ्री: लाप्लास, फूरिए ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅल्क्युलस. एम-वन, एम-टू त्यांनी केलेलंच नसतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या गणितानंतर कित्येकांचा गणिताशी संबंध सुटलेला. पण या मुलांकडे एक गोष्ट असते जी बारावीवाल्यांकडे नसते. त्यांनी कपॅसिटर चार्ज होताना पाहिलेला असतो. एक किलो-ओहम रोध आणि हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की एका सेकंदात व्होल्टेज ६३ टक्क्यांपर्यंत चढतं आणि पाच सेकंदांत जवळजवळ पूर्ण, हे त्यांनी मल्टिमीटरवर बघितलेलं असतं. ६३ कुठून आले एवढंच त्यांना सांगायचं असतं: एक उणे, 'ई'चा उणे एक घात. माझा अनुभव असा की इथून सुरुवात केली तर डिप्लोमाची मुलं डिफरन्शियल इक्वेशन बारावीवाल्यांपेक्षा लवकर पकडतात. त्यांनी शेवटच्या सत्राच्या निकालाची वाट न बघता इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स आणि कॉम्प्लेक्स नंबर एवढं करून ठेवावं. लाप्लासमध्ये निम्मा वेळ पार्शल फ्रॅक्शन्सच चालतात.

भौतिकशास्त्राला, म्हणजे बीएस्सीला किंवा आयसरसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांची तयारी थोडी निराळी. इंजिनिअरला सूत्र कुठे लागू पडतं हे कळलं तरी बरंच काम भागतं. भौतिकशास्त्रात सूत्र कुठे मोडतं हेही कळावं लागतं. लंबकाचं बघा. आवर्तकालाचं सूत्र काढताना साइन थीटा बरोबर थीटा धरतात, आणि 'कोन लहान असेल तर' असं पुटपुटून पुढे जातात. किती लहान? १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, आणि १० अंशांचा साइन ०.१७३६. फरक अर्धा टक्का. टेलर श्रेणीतलं पुढचं पद, थीटा घन भागिले सहा, काढून वजा केलं की हा फरकही भरून निघतो. ६० अंशांवर सोडलेल्या लंबकाचा आवर्तकाल मात्र सूत्रापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त भरतो. दोरी, नट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन घरच्या घरी हे मोजता येतं. एका दुपारी हे करणाऱ्या मुलाला टेलर श्रेणी पुन्हा शिकवावी लागत नाही.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. कॅल्क्युलसची भीती असेल तर सिल्व्हेनस थॉम्पसन यांचं १९१० चं 'कॅल्क्युलस मेड ईझी' वाचा. लेखक विद्युत अभियांत्रिकीतला माणूस, त्यामुळे सिद्धतांचा सोस नाही, आणि हक्क संपल्यामुळे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. फाइनमन यांच्या व्याख्यानांच्या पहिल्या खंडातलं बाविसावं प्रकरण नुसतं बीजगणितावर आहे. भौतिकशास्त्राला जाणाऱ्याने ते सुट्टीत वाचावंच, इंजिनिअरिंगवाल्याने वाचलं तर बिघडणार नाही. लोनी आणि हॉल-नाइट ही एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं अजून दुकानांत दिसतात आणि वडीलधारी मंडळी आदराने हातात ठेवतात. गणिताची आवडच असेल तर घ्या, तयारीसाठी गरज नाही. ग्रेवाल आणि क्रेझिग ही जाडजूड पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयात तुमची वाट पाहत आहेत, ती कुठे पळून जात नाहीत. एनपीटीईएलची ऑनलाइन व्याख्यानं चांगली आहेत, पण ती सत्र सुरू झाल्यावर.

निकाल लागला की पुण्यात अप्पा बळवंत चौकात बारावीची पुस्तकं विकायला गर्दी होते. एका पिशवीत दोन वर्षं, आणि आलेल्या पैशांत एम-वनचं सोडवलेल्या प्रश्नांचं पुस्तक. बाकीची पुस्तकं विका. गणिताची चारही, अकरावीचे दोन भाग आणि बारावीचे दोन, वर्षभर तरी घरात ठेवा.